आवाजाची पट्टी

अमरावतीत पत्ता सांगताना अजूनही टॉकीजची नावे घ्यावी लागतात. राजकमल चौक, चित्रा चौक, प्रभात चौक, सरोज चौक, श्याम चौक. एकेक टॉकीज बंद पडत गेली, पण रिक्षावाल्याला चौकाचे नाव सांगितले की तो बरोबर नेऊन सोडतो. मध्य प्रांत आणि वऱ्हाड इंग्रजांनी 1903 मध्ये एकत्र केले. तो प्रांत केव्हाच गेला, पण सिनेमाच्या धंद्यात या मुलखाचे नाव 'सी. पी. बेरार' असेच राहिले. या भागात चित्रपट वितरित करणाऱ्यांच्या कचेऱ्या अमरावतीत होत्या. पत्र्याच्या डब्यांतून रिळे यायची आणि इथून गावोगाव जायची.

माझे बडे अब्बा अशाच एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. फिल्म तुटली की जोडताना उरलेले तुकडे ते खिशात घालून घरी आणत. आम्ही भावंडे ते उन्हात धरून हिरो शोधत असू. एकदा मी विचारले, "बडे अब्बा, ये बाजू में टेढीमेढी रेघ काय की है?" ते म्हणाले, "वो आवाज है बेटा. फोटू बीच में, आवाज किनारे पे."

आवाज डोळ्यांनी दिसतो, हे मला त्या दिवशी कळले. पुढे शिक्षिका झाले, अकोल्याला उर्दू माध्यमाच्या शाळेत नोकरी लागली, मुलांचे उच्चार सुधारण्याचे काम अंगावर आले. तेव्हा बडे अब्बांचे ते वाक्य वेगळ्या अर्थाने आठवू लागले. सिनेमात कोणाचा आवाज नोंदला गेला, कोणाचा पुसला गेला आणि आमचा, वऱ्हाडातल्या मुसलमानांचा, आवाज त्यात कुठे आहे, हे शोधावेसे वाटले. त्या शोधातून जे हाती लागले ते इथे मांडते.

आधी ती रेघ समजून घेऊ. बोलपटाची 35 मिलिमीटरची फिल्म सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे मिनिटाला 90 फूट, या वेगाने चालते. चौकटींच्या कडेला आवाजाची अरुंद पट्टी असते. प्रोजेक्टरमधला छोटा दिवा तिच्यावर प्रकाश टाकतो. रेघ जशी रुंद-अरुंद होते तसा पलीकडे जाणारा प्रकाश कमीजास्त होतो. पलीकडचा फोटोसेल त्या प्रकाशाची वीज करतो आणि त्या विजेचा आवाज भोंग्यातून बाहेर पडतो. गंमत अशी की चित्र आणि त्याचा आवाज शेजारीशेजारी छापलेले नसतात. चित्रासाठी फिल्म झटक्याझटक्याने थांबत जावी लागते, आवाजासाठी मात्र ती एकसारखी सरकावी लागते. त्यामुळे दोघांची जागा वेगळी. आवाज चित्राच्या सुमारे 20 चौकटी पुढे असतो. फिल्म तुटली आणि चार चौकटी कापून जोडली, तर चित्रातला एक क्षण जातो आणि आवाजातला दुसराच. म्हणून बडे अब्बा जोड देताना म्हणत, "कम काटो. फोटू का गया तो चलता, बात अधुरी नक्को रहना."

हिंदुस्थानात हा सगळा खटाटोप सुरू झाला तो 'आलम आरा'पासून. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात हा चित्रपट लागला. अर्देशिर इराणी हे त्याचे निर्माते-दिग्दर्शक. आवाज नोंदवण्याचे 'टॅनर' यंत्र परदेशातून आणलेले, आणि ते लावून द्यायला विल्फर्ड डेमिंग नावाचा अमेरिकन तंत्रज्ञ आलेला. दिवसाला शंभर रुपये हा त्याचा मोबदला त्या काळात परवडणारा नव्हता. इराणींनी त्याच्याकडून जमेल तेवढे शिकून घेतले आणि रुस्तम भरुचा यांच्या मदतीने ध्वनिमुद्रणाचे काम स्वतःच केले. स्टुडिओ रेल्वेमार्गाच्या जवळ होता. दिवसा गाड्यांचा खडखडाट, म्हणून चित्रीकरण रात्री एक ते पहाटे चार या वेळात चाले. मायक्रोफोन नटांच्या आसपास लपवलेले असत आणि वाजवणारे कॅमेऱ्याच्या नजरेआड बसत. चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर एकाच वेळी नोंदले जात. त्यामुळे नंतर आवाज वेगळा काढून सुधारण्याची सोय नव्हती. जे त्या रात्री बोलले गेले, तेच कायम.

या नव्या यंत्राने पहिली परीक्षा घेतली ती जिभेची. मास्टर विठ्ठल हे मूकपटांतले गाजलेले मराठी नट. 'आलम आरा'साठी त्यांनी आधीच्या कंपनीचा करार सोडला, प्रकरण कोर्टात गेले, आणि त्यांचे वकीलपत्र घेतले बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी. खटला जिंकला, पण उर्दू संवाद त्यांना पेलेनात. शेवटी त्यांची भूमिका अशी बेतली गेली की नायक बराच वेळ अर्धवट शुद्धीतच राहतो, असे चित्रपट-इतिहासकार नोंदवतात. रूबी मायर्स, म्हणजे सुलोचना, या मूकपटांच्या राणीला हिंदुस्थानी शिकायला काही काळ पडद्यापासून दूर राहावे लागले. दुसरीकडे फकिराच्या छोट्या भूमिकेत वझीर महंमद खान यांनी गायलेले गाणे हे आपल्या सिनेमातले पहिले गाणे ठरले. चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांना विकले गेले म्हणतात.

आणि आज? 'आलम आरा'ची एकही प्रत उपलब्ध नाही. छायाचित्रे आहेत, जाहिराती आहेत, पण ज्या आवाजासाठी लोक मॅजेस्टिकबाहेर लोटले, तो आवाज जगात कुठेही शिल्लक नाही. हे वाचले तेव्हा मला आमच्या घरातली एक कॅसेट आठवली. तिच्याविषयी पुढे सांगते.

मराठीला बोलायला एक वर्ष लागले नाही. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' फेब्रुवारी 1932 मध्ये आला, मराठीत आणि हिंदुस्थानीतही. प्रभातच्या भागीदारांपैकी विष्णुपंत दामले यांनी ध्वनीची बाजू अंगावर घेतली. ते मुळात पडदे रंगवणाऱ्या, कॅमेरे जुळवणाऱ्या पिढीतले. ध्वनिशास्त्राचे शिक्षण नाही, पण यंत्र उघडून पाहायचे आणि समजेपर्यंत सोडायचे नाही, ही वृत्ती. पुढे फत्तेलाल यांच्यासह त्यांनी 'संत तुकाराम' (1936) दिग्दर्शित केला. दामले आणि साहेबमामा फत्तेलाल ही जोडी आपल्या वाचकांना वेगळी सांगायला नको.

यानंतर लवकरच चित्र एका फिल्मवर आणि आवाज दुसऱ्या फिल्मवर, ही पद्धत रुळली. दोन्ही पुन्हा जुळवण्यासाठी दृश्याच्या सुरुवातीला लाकडी पाटी वाजवायची. पाटी मिटलेली दिसते ती चौकट आणि 'ठक्' ऐकू येते ती जागा एकमेकींवर बसवली की पुढचे सगळे जुळते. ध्वनिसंकलन म्हणजे एकंदरीत हेच: आवाज कुठून घ्यायचा, कुठे ठेवायचा, किती राहू द्यायचा. पण एकदा दोघे वेगळे झाले, तेव्हा एकाच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज घालणेही शक्य झाले. 1935 मध्ये न्यू थिएटर्सच्या 'धूप छाँव'मध्ये पार्श्वगायन आले. नितीन बोस यांचा तो चित्रपट आणि ध्वनिलेखक त्यांचे भाऊ मुकुल बोस. तिथपासून गळा एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा, याची आपल्याला इतकी सवय झाली की त्यात काही वावगे वाटेनासे झाले.

गायकांची नावे घराघरांत पोचली. ध्वनिलेखकांची नावे मात्र श्रेयनामावलीत सरकून जात. ती थांबून वाचली पाहिजेत. राज कपूर यांच्या चित्रपटांचे ध्वनिलेखन करणारे अल्लाउद्दीन खान कुरेशी यांना 'मेरा नाम जोकर'साठी फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. 'मदर इंडिया'साठी ते आर. कौशिक यांना मिळाले होते. आणि 5 ऑगस्ट 1960 रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात झळकलेल्या 'मुघल-ए-आझम'चे ध्वनिलेखक होते अक्रम शेख. अकबराच्या दरबारातला प्रत्येक शब्द, प्रत्येक दमदार विराम आपल्यापर्यंत पोचला तो त्यांच्या कानांतून. अमान, वजाहत मिर्झा, कमाल अमरोही आणि एहसान रिझवी यांनी ते संवाद लिहिले. गंमत म्हणजे राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला मिळाला तो हिंदीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून.

वऱ्हाडातल्या उर्दू शाळांना 'मुघल-ए-आझम' हा न नेमलेला धडाच होता. आमच्या शिक्षकांच्या पिढीला त्याचे संवाद पाठ. क़ाफ कसा घशातून यावा, ख़े कसा खरवडावा, हे फळ्यावर समजावणे कठीण. पडद्यावर ते आपोआप कळे. मीही ते तसेच शिकले आणि त्याचे ऋण मानते. पण त्याबरोबर मनात आणखी एक गोष्ट रुजली. खरी उर्दू ती, आणि आपण घरात बोलतो ती बिघडलेली.

आपण घरात काय बोलतो? आमच्या दादीअम्मांचे बोलणे आठवते. "वावर में पऱ्हाटी निंदने को गए थे, सांज का वखत हो गया." वावर, पऱ्हाटी, निंदणे, सांज ही वऱ्हाडी मातीची, 'वक़्त'चा वखत झालेला, आणि मधला धागा दखनीचा. अचलपूरला इमादशाही नांदली, त्या काळापासून या दोन बोली एकमेकींच्या शेजारी राहत आल्या आहेत. 'हाँ' म्हणायचे तिथे आम्ही 'हव' म्हणतो, 'नहीं चाहिए' म्हणायचे तिथे 'नक्को'. सिनेमात असे बोलणारा माणूस आला तर तो बहुधा हसवायला आलेला असतो.

पडद्यावरच्या मुसलमानाच्या आवाजाविषयी बोलायचे तर 'गर्म हवा'पाशी थांबावे लागते. फाळणीनंतर आग्र्यातच राहू पाहणाऱ्या मिर्झा कुटुंबाची ही कथा. एम. एस. सथ्यू यांचे दिग्दर्शन, इस्मत चुगताई यांची मूळ कथा, कैफी आझमी आणि शमा झैदी यांची पटकथा. पैसा इतका कमी की जागेवर आवाज नोंदवण्याची यंत्रे घेणे परवडले नाही. कॅमेरा उसना आणलेला. संपूर्ण चित्रपट आवाजाविना चित्रित झाला आणि संवाद व आसपासचे आवाज नंतर मुंबईत भरले गेले. बाहेर विरोधाची हवा होती. लोकांचे लक्ष दुसरीकडे जावे म्हणून रिकामा कॅमेरा घेतलेली एक खोटी तुकडी सथ्यूंना फिरवावी लागली.

त्यातली घर सोडायला तयार नसलेली म्हातारी आजी आठवते ना? ती भूमिका आग्र्यातच सापडलेल्या बदर बेगम यांनी केली. वय सत्तरीच्या पुढे, मोतीबिंदूमुळे दिसणे जवळजवळ बंद. चेहरा, सुरकुत्या, उचलून नेतानाची धडपड, सगळे त्यांचे. पण चित्रपटात ऐकू येतो तो आवाज दीना पाठक यांचा आहे. दीना पाठक थोर अभिनेत्री होत्या आणि त्यांनी ते काम इतके चोख केले की सांगितल्याशिवाय कळत नाही. तरी मला राहून राहून वाटते, बदर बेगम यांचा स्वतःचा आवाज कसा असेल?

उलट बाजूची गोष्टही याच चित्रपटाची. सलीम मिर्झा झालेले बलराज साहनी यांनी आपले डबिंग पूर्ण केले आणि दुसऱ्याच दिवशी, 13 एप्रिल 1973 रोजी, ते गेले. एका दिवसाचा फरक पडला असता तर सलीम मिर्झांच्या तोंडीही दुसऱ्याचा आवाज आला असता. डबिंग म्हणजे नकली, असे सरसकट म्हणता येत नाही ते यामुळे. अंधाऱ्या खोलीत, स्वतःच्याच ओठांकडे पाहत, तो माणूस पुन्हा एकदा सलीम मिर्झा झाला होता.

त्या तीन-चार दशकांत बहुतेक हिंदी चित्रपट याच पद्धतीने होत. कॅमेऱ्याचा घरघराट आणि बघ्यांचा गोंगाट यांमुळे जागेवरचा आवाज फक्त खूण म्हणून ठेवायचा आणि नंतर सगळे नव्याने भरायचे: संवाद, पावलांचे आवाज, बांगड्या, दार, वारा. या सगळ्या पट्ट्या एकत्र करून शेवटची एक पट्टी तयार करणे म्हणजे मिश्रण. त्यातले मोठे नाव मराठी माणसाचे. परळच्या राजकमल कलामंदिरातले मंगेश देसाई. सत्यजित राय यांच्यासारखे दिग्दर्शकही मिश्रणासाठी त्यांच्याकडे येत. 'शोले' (1975) मधल्या आवाजांमागेही त्यांचा हात होता. 'शोले'च्या संवादांची पॉलिडोर कंपनीने रेकॉर्ड काढली आणि गाण्यांऐवजी संवाद लग्नाच्या मांडवात वाजू लागले. चित्र नसतानाही लोकांना चित्र दिसे.

पण 'शोले'तला मला सर्वात मोठा वाटणारा आवाज हा शांततेचा आहे. आंधळे इमामसाहेब गर्दीत येतात, कोणी बोलत नाही, आणि ते त्या शांततेचे कारण विचारतात. मुलाच्या प्रेताला हात लागतो, आणि मग अजान. ए. के. हंगल यांनी तो प्रसंग उंचीला नेला, आणि ध्वनिमिश्रकाने त्यात जास्तीचे काही घातले नाही, हेही तितकेच मोठे. पुढे मात्र अजान ही सिनेमातली सोपी खूण होऊन बसली. मुसलमानांची वस्ती दाखवायची तर मिनार, कबुतरे आणि मागून अजान. मोहल्ल्यातले इतर आवाज कोणाला ऐकूच आले नाहीत: पिंजाऱ्याची तात, जिनिंगचा भोंगा, दुपारच्या मदरशातले पाठांतर, न्हाणीतले भांडण, ईदच्या आदल्या रात्री शिलाई मशीनची टकटक. अजान आमची आहेच, पण आम्ही दिवसातून पाच वेळाच बोलतो असे नाही.

बदल झाला तो तंत्र बदलल्यावर. 'लगान'साठी (2001) आशुतोष गोवारीकर यांनी भुजजवळच्या माळावर जागेवरच आवाज नोंदवायचे ठरवले. ध्वनिलेखक नकुल कामटे. शेकडो माणसांनी दृश्य चालू असताना गप्प राहायचे, हीच तेव्हा मोठी शिस्त होती. कामटे आणि एच. श्रीधर यांना त्याबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 2009 च्या फेब्रुवारीत 'स्लमडॉग मिल्यनेअर'च्या ध्वनिमिश्रणासाठी रसूल पूकुट्टी यांना इयान टॅप आणि रिचर्ड प्राइक यांच्यासह ऑस्कर मिळाले. केरळातल्या साध्या मुसलमान घरातला हा मुलगा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला. बक्षीस घेताना तो ओम् या शब्दाविषयी आणि त्याच्या आधीच्या-नंतरच्या शांततेविषयी बोलला. ध्वनिलेखकच असे बोलू शकतो.

वऱ्हाडची बोली पडद्यावर मान वर करून बोलली ती सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये (2009). आमच्या शेतकऱ्याचे मरण तिथे आमच्याच शब्दांत आले. आणि शेजारच्या खानदेश-नाशिककडे, मालेगावच्या नासिर शेख यांनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' केला. यंत्रमागांच्या गावातली माणसे आपल्याच लहेजात बोलली. त्यांच्यावर फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. लोक हसले, पण या वेळी हसवणाराही मालेगावचाच होता.

आता ती कॅसेट. आमच्याकडे एक टेपरेकॉर्डर होता. दादीअम्मांचा धाकटा मुलगा आखातात नोकरीला. त्याला पाठवण्यासाठी दादीअम्मांनी एका कॅसेटवर आपला आवाज भरला होता: घरची खबर, पऱ्हाटीचा भाव, कोणाचे लग्न ठरले, आणि मध्येच लहानपणची एक कहाणी. पाठवायची राहून गेली. मी तेव्हा सातवीत होते. सिनेमाची गाणी भरायला कोरी कॅसेट हवी होती. मी ती घेतली आणि दोन्ही बाजू भरून टाकल्या. कोणी रागावले नाही, कारण त्यात काही मौल्यवान होते असे कोणालाच वाटले नव्हते. दादीअम्मा गेल्या तेव्हा ती कॅसेट काढून ऐकली. एका गाण्याच्या शेवटी, दुसरे सुरू होण्याआधी, दोन-तीन सेकंद त्यांचा आवाज राहिला आहे. एवढेच: "हव, और..."

'आलम आरा' कोणी हरवला याचा हिशेब इतिहासकार करतील. हा हिशेब माझा आहे. आणि मला शंका आहे की वर्गात 'वखत'ला तांबड्या शाईने खोडताना मी तेच करत आले. प्रमाण उर्दू शिकवणे माझे काम आहे, ते मी सोडणार नाही. मुलांना परीक्षा द्यायच्या आहेत, नोकऱ्या मिळवायच्या आहेत. पण एकदा सातवीतल्या एका मुलीला मी 'वक़्त' असे तीनदा म्हणायला लावले. तिने म्हटले, आणि मग हळूच विचारले, "मिस, मेरे नानी वखत बोलते. वो गलत बोलते क्या?" मला उत्तर देता आले नाही.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत मी मुलांना वेगळा गृहपाठ दिला. घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाची एक गोष्ट मोबाइलवर नोंदवून आणायची. सुरुवातीला बोलणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख सांगायची. मध्ये टोकायचे नाही, उच्चार सुधारायचे नाहीत. एका हुशार मुलाने मोबाइलवरच संकलन करून आजोबांचा खोकला आणि कुकरच्या शिट्ट्या कापून आणल्या. मी त्याला शाबासकी दिली आणि न कापलेली मूळ नोंदही मागून घेतली. बडे अब्बांचे 'कम काटो' त्याला सांगितले.

त्या मुलीनेही नानीची गोष्ट आणली. दुष्काळात पायी अकोटहून अकोल्याला आल्याची. मागे पंख्याचा आवाज, लांबून भाजीवाला, आणि अधूनमधून नातीचे 'फिर?'. गोष्ट संपल्यावर थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. मग नानी विचारते, "हो गया क्या? अब मेरी आवाज मेरे को सुना."